स्तोत्राचं पुढचं

टाळीसाठी उचललेले हात दोन्या क्लोतिल्देने तसेच खाली घेतले. स्तोत्र संपलं होतं, तरी नवा पाळक वाचतच होता.

सीमेवरच्या दाहाबोन गावातल्या या प्रार्थनाघरात सत्तेचाळिसावं स्तोत्र तिसऱ्या वचनापर्यंतच म्हणायचं, हा तिचा तीस वर्षांचा पायंडा. अक्षरओळख नव्हती, जेवढं ऐकून पाठ झालं, तेवढंच तिने सगळ्या बायांना शिकवलं. 'देव राष्ट्रांना आमच्या पायांखाली घालतो' इथं आलं की ती टाच आपटायची, मागोमाग सगळ्या बाकांवरच्या टाचा आपटायच्या. टाच कुणावर पडते हे कुणी विचारत नसे. नदीपलीकडे हैती होतं.

आज पाळकाने पुढचं वाचलं. देव सगळ्याच राष्ट्रांचा राजा, आणि परक्यांचे सरदारही अब्राहामाच्या देवाची माणसं म्हणून एकत्र जमतात.

"ख्रिस्ताच्या मेजाभोवती हेच होतं," तो म्हणाला. "तिथं पायांखाली कुणी उरत नाही. सगळ्यांना बाकावर जागा."

"काल मिसरूड फुटलंय," शेजारची रामोना कुजबुजली, "आणि चाललंय तुला शिकवायला."

क्लोतिल्देने तिला हातानेच गप्प केलं. रामोनाने चमकून तिच्याकडे पाहिलं.

सून हैतीची होती. मिर्लांद. स्वयंपाकघरात तिला ताटली वेगळी, बसायला जमीन. एकदा क्लोतिल्देने ती पायांखालची ओळ तिच्या तोंडावर फेकली, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पुढेही आहे, आई. वाचू का?"

"माझ्या घरात मला देव शिकवू नकोस."

त्याच आठवड्यात मुलगा बायको-पोरीला घेऊन पलीकडे निघून गेला. त्याला चार वर्षं झाली.

मिर्लांद सोमवार-शुक्रवारी अलीकडच्या बाजारात येऊन लसूण विकते, हे क्लोतिल्देला ठाऊक होतं. लसणाची रांग चुकवूनच ती बाजार करायची. या शुक्रवारी ती सरळ तिथं जाऊन उभी राहिली.

"लसूण देऊ, दोन्या?"

आई नव्हे, दोन्या. कुठल्याही गिऱ्हाइकाला बाईसाहेब म्हणावं तसं.

"नको. त्या स्तोत्राचं पुढचं वाचून दाखव."

मिर्लांदने हाताला चिकटलेली सालं झटकली. "तुमच्या भाषेतलं बायबल तुमच्याच फडताळात राहिलंय."

"आहे ना. पण घरात वाचणारं कोण उरलंय?"

"माझ्याजवळचं आमच्या भाषेतलं आहे. तुम्हाला कळायचं नाही."

"वाच."

मिर्लांदने एक रिकामं पोतं पुढे सरकवलं. क्लोतिल्दे गुडघे धरत, कण्हत, जमिनीवर त्या पोत्यावर टेकली. आजूबाजूच्या हैतीच्या बाया भाव करायच्या थांबल्या.

मिर्लांद वाचत गेली. एक शब्द कळेल तर शपथ. शेवटी कुठेतरी 'अब्राहाम' कानावर पडलं, तेव्हा क्लोतिल्देने मान तुकवली, आणि मग ती वर उचललीच नाही.

"पोर कशी आहे?"

"शाळेत जाते. दोन्ही भाषा वाचते."

सीमेच्या फाटकावरची शिट्टी झाली. पलीकडच्यांनी निघायची वेळ. मिर्लांद घाईने जुड्या गोळा करू लागली.

"सोमवारच्या बाजाराला येते मी," क्लोतिल्दे म्हणाली.

मिर्लांदने हातातल्या जुड्या खाली ठेवल्या. वाकून तिने हात पुढे केला. क्लोतिल्देने तो दोन्ही हातांनी धरला.

"पोतं, दोन्या," मिर्लांद हळूच म्हणाली. "माल भरायचाय."

क्लोतिल्दे आपली आपणच उठली. पोतं झटकलं, घडी घातली, आणि दिलं.