चौदा नंबरची किल्ली

दोना इदालिनाचं काम सांगायला सोपं होतं. परदेशातून अर्ज करणाऱ्या संशोधकाला आपल्या विद्यापीठातला एक प्राध्यापक मिळवून द्यायचा. 'हिला मी माझ्या हाताखाली घेतो' असं सहीचं पत्र त्याने दिलं, की अर्ज ब्रसेल्सला जायचा आणि नशिबात असली तर दोन वर्षांची शिष्यवृत्ती पदरात पडायची. एकोणीस वर्षांत इदालिनाने प्राध्यापक ओळखायचा आपला एक हिशेब बसवला होता. तीन आठवड्यांनी उत्तर देणारा कामसू, तीन दिवसांत देणारा हावरट, आणि मुळीच न देणारा सुट्टीला समुद्रावर.

प्रोफेसर वालादारेश सहा मिनिटांत उत्तर द्यायचे.

ते दगडफुलांचे मोठे जाणकार. नऊ वर्षांत त्यांच्याकडे पाच जण आले, आणि पाचही जण मुदतीआधीच गेले. हे कुणाच्या अहवालात नव्हतं. इदालिनाच्या किल्ल्यांच्या वहीत होतं. पाहुण्या संशोधकाने किल्ली घेताना डाव्या रकान्यात सही करायची, परत देताना उजव्या. चौदा नंबरच्या खोलीपुढे डावीकडे पाच वेगवेगळ्या सह्या होत्या. उजवीकडे पाचही वेळा एकच: वालादारेश. निरोप घ्यायला त्यांच्यापैकी एकही जण तिच्या टेबलापाशी आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी एकाच्या आईचं पत्र आलं होतं, मुलाचा नवा पत्ता असेल तर कळवा म्हणून. इदालिनाने नियमाप्रमाणे ते वालादारेशांकडे धाडलं. उत्तर सहा मिनिटांत आलं. 'मी बघतो.'

आणि आता येरेवानची शूशान. डॉक्टरेटनंतर आठ वर्षांपर्यंतच अर्ज करता यायचा आणि तिची आठ या डिसेंबरात भरत होती, म्हणजे अर्जाची ही शेवटचीच खेप. इदालिनाने तिच्यासाठी अकरा जणांना लिहिलं होतं. नऊ समुद्रावर होते आणि एक निवृत्त झाला होता. उरलेल्या एकाने सहा मिनिटांत 'हो' म्हटलं होतं.

आज शेवटचा दिवस. मुदत ब्रसेल्सच्या पाचपर्यंत, म्हणजे इथल्या, लिस्बनच्या, चारपर्यंत. हा एक तास दरवर्षी कुणाला तरी बुडवायचा. वालादारेश तर हमखास विसरायचे, म्हणून त्यांचा अर्ज असला की ती बरोबर तीनला त्यांना फोन करायची.

आज तीन वाजले, सव्वातीन झाले. इदालिनाने फोनला हात लावला नव्हता. चार वाजून जातील, पत्र येणार नाही, अर्ज पडेल, आणि दोष घड्याळाचा.

"काय हो दोना," समोरच्या टेबलावरून फाउश्तु म्हणाला, "नवरदेवाला आठवण नाही केलीत?"

"त्यांच्याकडे घड्याळ आहे."

"आहे, पण लिस्बनचं!" तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

तीन चाळीसला फोन वाजला. शूशान होती. "पत्र आलं का?"

इदालिनाने आवाज खाली आणला. "ऐक माझं. त्यांच्याकडे येऊ नकोस."

शूशान म्हणाली, "हे सांगणाऱ्या तुम्ही चौथ्या. चौघांनीही मला सावध केलं, पण दुसरं नाव एकानेही दिलं नाही. तुमच्याकडे आहे?"

समोर यादी पडली होती. इदालिनाने ती वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली.

"नाही."

"मग मागवा ना पत्र. पुढच्या वर्षी मला अर्जच करता येणार नाही, दोना इदालिना. मी सांभाळीन स्वतःला."

इदालिनाने फोन ठेवला आणि वालादारेशांचा नंबर फिरवला. कानात घंटी वाजली. तशीच एक दाराबाहेरही वाजली.

दार उघडलं. कोट नीट, केस नीट, हातात घडी न मोडलेला कागद. "आज तीनला तुमचा फोन नाही," वालादारेश म्हणाले. "म्हटलं, दोना इदालिना आजारी-बिजारी आहेत की काय."

"विसरले, सेन्योर प्रोफेसर."

"तुम्ही?" ते हसले. "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा."

पत्रावर तारीख कालची होती. फाउश्तुने ते लगबगीने हातात घेतलं, शिक्का मारला, संगणकावर चढवलं. तीन त्रेपन्न. "गेलं!"

"आता किल्लीचंही आटपून घेऊ," वालादारेश म्हणाले.

"निकाल फेब्रुवारीत लागतो, सेन्योर प्रोफेसर."

"लागेल. माझा एकही अर्ज पडलेला नाही." त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि न शोधता पान काढलं. बारीक, सुबक अक्षरात शूशानचं नाव लिहिलं. डावा रकाना मोकळा ठेवला. उजव्यात सही केली.

"ती सही किल्ली परत देताना करतात," इदालिना म्हणाली.

"माहीत आहे मला." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पुन्हा जिना कशाला चढायचा?"

फोन वाजला. पडद्यावर येरेवानचा नंबर होता.

"घ्या ना," वालादारेश खुर्ची ओढून बसत म्हणाले. "वाट बघत असेल बिचारी."

इदालिनाने फोन कानाला लावला. "पत्र आलं. अर्ज गेला." शूशान आनंदाने काहीतरी बोलत होती. इदालिना ओल्या शाईकडे बघत राहिली, आणि ती थांबल्यावर म्हणाली, "एक कर. तुझ्या आईचा पत्ता मला पाठवून ठेव."

"आईचा?" शूशान हसली. "तो कशाला?"

समोर वालादारेशही मान कलती करून उत्तराची वाट बघत होते.