सुपारी फुटल्यावरचं इंग्रजी

माझ्या सुरभीच्या लग्नाची सुपारी फुटली आणि लगेच पोरीनं दारव्ह्याला इंग्रजीचा क्लास लावला. आमच्याकडे सोयऱ्यांसमोर सुपारी फोडली की शब्द पक्का. मग पोरीनं शिवण शिकावं, इंग्रजी कशाला? पाणी कुठंतरी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं. त्यात भाजी निवडताना ती सारखं एकच घोकायची, कॉल ऑफ, कॉल ऑफ.

"म्हणजे काय वं ते?" मी विचारलं.

"ठरलेली गोष्ट रद्द करणं. पाऊस आला, मॅच कॉल ऑफ केली."

मॅच म्हणे! मी काय काल जन्मले? क्लासात नक्की कोणी पोरगा असणार. स्थळ माझ्या माहेरचं, आर्णीचं, मीच आणलेलं. मोडलं तर भावाला तोंड कसं दाखवू? दुसऱ्या दिवशी तिच्या मागच्या जीपनं मी दारव्हा गाठलं.

क्लासात सगळ्या पोरीच, आणि शिकवायला फरहाना मॅडम. पोरगा औषधालाही नव्हता. तरी माझा संशय जाईना. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. सुरभीनं मला पाहिलं आणि वहीत डोकं घातलं.

मॅडमनी तिलाच उठवलं. "कॉल ऑफ कोण करतं, सांग."

"ज्यानं ठरवलं तो."

"आणि दुसऱ्याला करायचं असलं तर?"

"त्याले नाही जमत, मॅडम. तो निस्ता रडत बसते, नाही तर पळून जाते."

पोरी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

जीपपाशी मी तिला गाठलं. "सुपारीच्या दिवशी 'नाही' काहून नाही म्हटलं?"

"मले कोणी विचारलं, आई? मी आत चहा करून राह्यलती."

खरंच होतं. ती आत चहा गाळत होती आणि बाहेर फुटलेली सुपारी वाटायला मीच पुढे होते. मला राग आला, आणि या खेपेला तो तिच्यावर नव्हता.

"पोरगा वाईट आहे काय?"

"मले काय मालूम? मी त्याच्यासंग बोललीच नाही. मले अजून शिकाचं आहे."

जीपवाला हाका मारत होता. मी चढले नाही.

"मामाले फोन लाव," मी म्हटलं.

"कायले?"

"लाव तू. ठरवलं मीच होतं."