कपाटाच्या पायाखालची वाटी

मी वाटी बोलतेय. ताटातली नाही, त्यामुळे आमटी-वरणाचं मला काही विचारू नका. मी काळ्या दगडाची आहे आणि माझं जवळजवळ सगळं आयुष्य एका कपाटाच्या पायाखाली गेलं. माझ्यात पाणी असतं, पाण्यात कपाटाचा पाय असतो आणि कपाटात खायचं असतं. मुंगीला पाणी ओलांडता येत नाही. एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? पण पाणी किती उरलंय हे जिला सतत बघावं लागतं, तिचा डोळा कसा लागणार?

आम्ही चौघी बहिणी. पालीच्या बाजारात एक पाथरवट बसायचा. पाटे-वरवंटे करून उरलेल्या दगडातून त्याने आम्हाला कोरलं. आम्हाला नेणारी सोनूबाई त्याला चारदा बजावत होती, "जांभा नको हां. जांभ्यात पाणी ठरत नाय." तिच्या स्वयंपाकघरात जाळीचं कपाट होतं. त्यात दूध, गूळ, तळलेले मासे, सगळं असायचं. त्या कपाटाच्या चार पायांखाली आम्ही चौघी बसलो, त्या बसलोच.

पुढे तिच्याकडे फ्रीज आला. कपाट पडवीत गेलं आणि आम्ही अंगणात. कोंबड्या आमच्यातून पाणी प्यायच्या. तेव्हा मला वाटायचं, संपलं सगळं. खरं तर तो माझा सगळ्यात निवांत काळ होता, पण निवांतपणा मला कधी ओळखता आला नाही.

एक दिवस विनीत नावाचे मुंबईचे गृहस्थ आले. आरे-वारेच्या रस्त्याला, समुद्राकाठी त्यांनी पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी घर बांधलं होतं. जुनं कपाट फोटोत छान दिसतं म्हणून त्यांनी ते विकत घेतलं आणि आम्ही त्यावर फुकट आलो. टेम्पोतून उतरताना माझी एक बहीण फुटली. उरलेल्या तिघींचा पहिल्या वर्षी राखदाणी म्हणून उपयोग झाला. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

मग कमळा आली.

कमळा म्हणजे त्या घराची झाडलोट, स्वयंपाक, पाहुण्यांचं हवं-नको बघणारी बाई. वय पन्नाशीच्या आसपास. मला माणसांची तोंडं नीट दिसत नाहीत, मी माणसं पायांवरून ओळखते. कमळाच्या टाचांना भेगा आहेत आणि उजव्या पायाचं बोट विळीने कापल्याची खूण आहे. पहिल्याच दिवशी तिने कपाटाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाली, "ह्याचे पाय कोरडे कसे?" ती अंगणभर फिरली, आम्हाला शोधून राखेने घासलं आणि पायांखाली बसवलं. चौथीच्या जागी तिने श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा ठेवला. तो पिवळा आहे आणि आमच्यापेक्षा फार उत्साही आहे.

दर दिवसाआड कमळा आमच्यात ताजं पाणी घालते आणि वर खोबरेल तेलाचा एक थेंब सोडते. तेलाचा पातळ पापुद्रा पसरतो. त्याने डास अंडी घालत नाहीत आणि मुंगी आलीच तर तिचे पाय बुडतात. हे कमळाने कुठे वाचलेलं नाही. तिच्या घरी असंच करत आले आहेत.

आता माझी काळजी सांगते. एप्रिलमध्ये पाणी भराभर आटतं. केरसुणीची एक काडी माझ्या काठावर टेकली तरी मुंग्यांना पूल मिळतो. कुणी ओलं फडकं कपाटाला लटकवलं आणि त्याचं टोक जमिनीला लागलं, की संपलं. एकदा एक झुरळ माझ्यात पडून मेलं, तर त्याच्याच पाठीवरून मुंग्या अर्ध्यापर्यंत आल्या. अशा वेळी मला ओरडता आलं असतं तर मी रोज ओरडले असते. भिंतीकडच्या कोपऱ्यात मी आहे. तिथे कुणाचं लक्ष जात नाही आणि मुंग्यांची वाट नेमकी तिथूनच जाते.

ह्या एप्रिलमध्ये पुण्याहून एक जोडपं आलं, अक्षया आणि ओमकार. चार दिवसांसाठी. अक्षयाचे पाय मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते चवड्यांवर होते. घरात मोजे घालून, त्यावर रबरी चप्पल, आणि तरी चवड्यांवर. मला ती लगेच जवळची वाटली.

पहिल्या संध्याकाळी मिक्सरमागून झुरळ निघालं. अक्षयाच्या हातातलं पातेलं खाली पडलं, झाकण गोल गोल फिरत माझ्यापर्यंत आलं.

"अगं, ते तुझ्यापेक्षा जास्त घाबरलंय," ओमकार म्हणाला.

"मग त्याला जवळ घेऊन समजूत काढ ना. मी बाहेर उभी राहते."

कमळा झाडू घेऊन आली. एकच फटका, मग सुपलीत घेऊन बाहेर. "काय भ्यायचं त्याला, ताई? समुद्राकाठचं घर हाय. भाडं तुम्ही दोघांनी भरलंय, पण ऱ्हायला शंभर जण असतात."

"मावशी, हे ऐकून मला बरं वाटायला हवं का?"

कमळा हसली. तिने पाहुण्यांसाठी ओल्या नारळाच्या वड्या केल्या होत्या. त्यांचा डबा, गूळ, साखर, पिकायला ठेवलेले हापूस, सगळं तिने कपाटात ठेवलं. "उद्या मी नाय. पालीला भाचीचा साखरपुडा हाय. परवा सकाळी येते. खायचं सगळं कपाटात ठेवा, ओट्यावर काय ठेवू नका."

तिने आमच्याबद्दल काही सांगितलं नाही. का सांगेल? खिडकीतून नको, दारातून आत या, असं कुणी पाहुण्याला सांगतं का? कपाटाच्या पायाखाली पाणी असतं, हे तिच्या दृष्टीने इतकं उघड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षया मोबाइलचा उजेड घेऊन जमिनीवर वाकली. झुरळं कुठून येतात ते तिला शोधायचं होतं. उजेड माझ्यावर पडला. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा मला कुणाचं तोंड इतक्या जवळून दिसलं. तिचे डोळे मोठे झाले.

"ओमकार, इकडे ये. लवकर. साचलेलं पाणी आहे. चारही पायांखाली. वर काहीतरी तेलकट घाण आहे."

"असू दे ना."

"असू दे? मागच्या वर्षी सहा दिवस हॉस्पिटलमध्ये मी होते, तू नव्हतास. रोज प्लेटलेट मोजत होते माझ्या. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? घरात वाटीभर पाणीसुद्धा साचू द्यायचं नाही."

तिने जुन्या फडक्याने आम्हाला एकेक करून टिपून घेतलं. नीट, मन लावून. मग फिनेलचा बोळा फिरवला. पुसताना ती स्वतःशीच बोलत होती, "बघा, कुणाच्या लक्षातही येत नाही." तिने जे केलं ते भीतीपोटी केलं, आणि तिची भीती खोटी नव्हती. मी तिच्यावर रागावू शकले नाही. पण माझं पोट कोरडं पडलं होतं, आणि ते कपाटातल्या वड्यांना सांगायची काही सोय नव्हती.

ती दोघं समुद्रावर गेली. दुपारपर्यंत फिनेलचा वास उडाला. मग पहिली मुंगी आली. एकटीच. काठावर थांबली, मिशा हलवल्या, आत उतरली. कपाटाखाली असताना माझ्या तळाला मुंगीचा पाय कधी लागला नव्हता. ती लाकडी पाय चढून वर गेली आणि काही वेळाने त्याच वाटेने परत आली. त्यानंतर मी मोजणं सोडून दिलं. माझ्या पोटातून रस्ता झाला होता.

संध्याकाळी ती दोघं बाहेरच जेवून आली, कपाट उघडलंच नाही. उघडलं ते तिसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या साखरेसाठी.

अक्षयाची किंकाळी मी सांगत बसत नाही. डबा खाली पडला, वड्या दिसतच नव्हत्या, नुसता लाल हलणारा थर. तिच्या मनगटाला मुंग्या चावल्या होत्या. ओमकारने फोटो काढले आणि विनीतला पाठवले. पाठवताना मोठ्याने वाचलंही, "स्वयंपाकघरात मुंग्या, झुरळं. साफसफाई शून्य. इथे येणाऱ्या सगळ्यांना आम्ही हे सांगणार आहोत."

थोड्या वेळाने कमळा आली. साखरपुड्याचे पेढे तिने पाहुण्यांसाठी आणले होते. ती दारातच थांबली. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर विनीतचा फोन आला. तिच्या हातात पिशव्या होत्या, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला.

"कमळाबाई, हे काय चाललंय? मागच्या महिन्यात पालीवरून तक्रार, आता मुंग्या." पाल म्हणजे भिंतीवरची, ती एका पाहुण्याच्या बॅगेत सापडली होती. "तेव्हाच मी तुम्हाला सांगितलं होतं, आणखी एक तक्रार आली की घर एजन्सीकडे. ती माणसं येतानाच आपली बाई घेऊन येतात. साफसफाई केली होती की नाही?"

"केली हुती, दादा."

"मग मुंग्या आकाशातून पडल्या?"

कमळा खाली बसली आणि कोपऱ्यात हात घालून माझ्यात बोट फिरवलं. कोरडं. तिने बोट नाकाशी नेलं. फिनेल. मग तिने मान वर केली. तिला कळलं होतं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण पाहुण्यावर बोट दाखवायचं, तेही पाहुणी समोर उभी असताना, हे तिच्या जिभेला जमेना.

"उद्यापासून तुम्ही येऊ नका," विनीत म्हणाला. "पैसे मी पाठवतो. आणि त्या पाहुण्यांना..."

मला अक्षयाचे पाय दिसत होते. मोजे नव्हते. बोटं आत वळली होती, जमीन धरून ठेवल्यासारखी. मला माहीत होतं, तिला आत्ता पळून बाहेर जावंसं वाटतंय. बाहेर गेली असती तर कुणी तिला काही विचारलंही नसतं. संध्याकाळी सामान बांधून निघायचं, आणि कमळाच्या घरी काय झालं ते तिला कधी कळलं नसतं. बोल, बोल, मी म्हणत होते. दगडाचं कोण ऐकतं?

"पाणी मी काढलं."

इतकं हळू, की ओमकारने विचारलं, "काय?"

"पाणी मी काढलं," ती फोनजवळ जाऊन म्हणाली. आवाज कापत होता. "कपाटाखालच्या वाट्यांमधलं. मला डेंग्यू झाला होता, मी घाबरले. मला माहीत नव्हतं ते मुंग्यांसाठी आहे. मावशींची काही चूक नाही. त्यांना काढू नका, प्लीज. ओमकार, तो मेसेज मागे घे. आत्ता घे."

विनीतचा आवाज एकदम गोड झाला. "अहो मॅडम, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता. चूक आमचीच. असल्या गावठी वाट्या ठेवायलाच नकोत. सोमवारी माणूस पाठवतो, औषध मारून घेतो, आणि त्या वाट्या फेकून देऊ. कमळाबाई, तुमचं काम चालू राहील. पण आता हे पाणीबिणी बंद."

"होय दादा," कमळा म्हणाली. फोन बंद झाला.

अशी मी वाचले नाही, कमळा वाचली. हे बरोबरच झालं. तिच्या घरात खाणारी तोंडं आहेत, माझ्या पोटात फक्त पाणी.

कपाट रिकामं करून, झाडून, धुऊन दोघींनी मिळून वाळवलं. मग अक्षया तांब्या घेऊन माझ्याशेजारी बसली. "मावशी, किती घालायचं?"

"पाय बुडेस्तवर. आता तेल घाल. एकच थेंब गो बाय, आपल्याला तळायचं नाय."

अक्षयाने बाटली जरा जास्तच कलवली आणि तीन थेंब पडले. दोघी हसल्या. हसताना अक्षया थोडी रडलीसुद्धा, आणि कमळाने तिच्या चावलेल्या मनगटाला चुना लावला.

ती दोघं गेली. आज शनिवार आहे. सोमवारी माणूस औषध घेऊन येणार. रस्त्याला मोटारसायकल वाजली की माझ्यातलं पाणी हलतं. पिवळा डबा म्हणतो, औषध तीन महिन्यांत उतरेल, मग आपल्याला परत बोलावतील. मी त्याला काही सांगत नाही.

तुम्हाला मात्र एक विनवणी आहे. कुणाच्या घरी चार दिवस राहायला गेलात आणि एखादी वस्तू विचित्र ठिकाणी दिसली, तर पुसण्याआधी घरातल्या माणसाला विचारा. विचारताना लाज वाटेल, आवाज कापेल. कापू दे. आणि चुकलंच, तर चुकलं म्हणा, फोन चालू असेपर्यंत.

आज सकाळीही कमळा आली. मला वाटलं, आता कशाला घालेल ती पाणी. पण ती वाकली, पाणी ओतलं, तेलाचा थेंब सोडला. दारातून दूधवाल्याने विचारलं, "सोमवारी काढणार ना ह्या वाट्या? मग आज कशाला भरतेस?"

"मुंग्यांना सोमवार ठाऊक नाय," कमळा म्हणाली आणि पुढच्या पायाकडे वळली.