सोळा वर्षांवरील

माझी बायको नीरजा गेली त्या दिवशी तिनेच लिहिलेल्या पुस्तकाच्या प्रतींचं पार्सल माझ्या गाडीत होतं. मी मेथी घेऊन चिखलीच्या बाजारात गेलो होतो. "येताना स्टँडवरून पार्सल घेऊन येजा," असं ती सकाळी म्हणाली होती. ते उचललं आणि फोन वाजला. तिच्या शाळेचे हेडमास्तर चिंतामण सर होते.

"हरिओमभाऊ, मॅडम वर्गात पडल्या. चिखलीलेच आणून राह्यलो. दवाखान्यात या."

त्यांच्या आधी मी पोचलो. जीपमधून तिला उतरवलं तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. डॉक्टर बाहेर आले, डोक्यातली नस फुटली म्हणाले. मी विचारलं, चप्पल कुठे आहे? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पुन्हा चप्पलच विचारली.

नीरजा आठवीला शिकवायची आणि त्याच वयाच्या मुलींसाठी गोष्टी लिहायची. एक प्रकरण झालं की संध्याकाळी चार-पाच मुली आमच्या ओट्यावर जमायच्या. सुपात भुईमुगाच्या शेंगा असायच्या. त्या फोडायच्या, ही वाचायची. मुलींचं लक्ष शेंगांकडे गेलं की ती त्या ओळीवर काट मारायची. आमची लेक अर्पिता त्यांच्यातच असायची. तेरा वर्षांची आहे, आईच्याच शाळेत आठवीत.

पार्सलमधल्या त्या पुस्तकात, तिच्या कादंबरीत, मुलीची आई मध्येच मरते. ते प्रकरण वाचलं तेव्हा शेजारच्या बनाबाईची नात हिमानी म्हणाली, "मॅडम, हे खोटं वाटते. ती पोरगी नुसती रडूनच राह्यली. तिले भूक लागली असंन. माही माय गेली त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या होत्या."

अर्पिता हसली होती. "असं कोणी जेवते काय व? खादाड!"

नीरजाने अर्पिताला गप्प केलं आणि प्रकरण पुन्हा लिहिलं. त्यातली मुलगी आता भाकरी खाते, आणि मग तिला स्वतःची लाज वाटते. शेवटचं प्रकरण मात्र तिने ओट्यावर वाचलं नाही. पुस्तक छापून आलं की त्यातूनच वाचीन, म्हणाली.

आमच्या गावात तेरवीला आलेल्यांना गेलेल्या माणसाचं नाव टाकलेला स्टीलचा डबा देतात. मी ठरवलं, डबे नकोत. तिच्या शाळेतल्या मुलींना तिचं पुस्तक द्यायचं. तेरवीच्या सकाळी पार्सल फोडलं. पुस्तकाच्या पाठीवर लाल गोल होता. त्यात लिहिलं होतं, 'सोळा वर्षांवरील वाचकांसाठी'.

मी पुस्तक उलटं-सुलटं केलं. दुसरं काढलं. सगळ्यांवर तेच होतं. नखाने खरवडून पाहिलं. चिकटवलेलं नव्हतं, छापलेलंच होतं.

चिंतामण सर म्हणाले, "भाऊ, मी शाळेत कसं वाटू? पालक विचारतीन, सोळाचं पुस्तक आठवीच्या पोरीले काऊन देल्लं?"

माझी मोठी बहीण सिंधूताई म्हणाली, "बरोबर हाय. मायचं मरण लेकराले वाचाले देतेत काय? उचलून ठेव ते."

मी पुण्याला प्रकाशकाला फोन लावला. शंतनु नावाच्या मुलाने उचलला. नीरजाचं त्याला आदल्या आठवड्यात कळलं होतं.

"मॅडमचा विरोध होता, काका. वय टाकूच नका, म्हणाल्या होत्या," तो म्हणाला. "पण त्यात मृत्यू आहे ना. सोळा टाकलं की तक्रारी येत नाहीत."

"माही पोरगी तेरा वर्षांची हाय," मी म्हणालो.

तो म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत बघू."

अर्पिता दाराशी उभी राहून ऐकत होती. आई गेल्यापासून ती माणसांसमोर जेवत नव्हती. ताट घेऊन आतल्या खोलीत जायची आणि बरंचसं तसंच परत आणायची. सिंधूताईने भरवायला घेतलं की तोंड फिरवायची. ती म्हणाली, "बाबा, ते पोरगी पुढे काय करते? मम्मीनं सांगतलंच नाही."

संध्याकाळी मुली न बोलावता आल्या. सुपात शेंगाही कोणीतरी घेतल्या. मी पुस्तक घेऊन बसलो. सिंधूताई रागाने आत निघून गेली. मला असं मोठ्याने वाचायची सवय नाही. मी आई मरते तिथून सुरुवात केली. मुलगी भाकरी खाते तिथे आलो आणि अर्पिता हिमानीकडे वळली.

"मी बी त्या दिवशी डबा खाल्ला होता. मम्मीले जीपमध्ये घालून नेलं, अन् मी पूर्ण डबा खाल्ला."

"मले माहीत हाय," हिमानी म्हणाली. "माह्या बाजूलेच तर बसली होती."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू मले खादाड म्हनलं होतं."

अर्पिताने सुपातली एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि सगळ्यांसमोर रडायला लागली. रडता रडता खातच होती. हिमानी तिच्यापुढे शेंगा सोलून ठेवत राहिली.

त्या डब्याचं मला आजवर ठाऊक नव्हतं. माझ्या हातातलं पान मला दिसेना. मी पुस्तक मिटलं.

शेवटचं प्रकरण अजून वाचायचं राहिलं आहे.