दुधनीला नेलेली आगगाडी

मंगळवार पेठेत चनमल्लप्पाचं भुसार मालाचं दुकान होतं. माणूस सरळ, कष्टाळू. खोड एकच, परक्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं त्याला जमत नसे. नाही म्हणायचा तो फक्त घरात, बायकोला आणि पोरीला.

पोरगी एकुलती एक. गुरम्मा. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून तिची आई गिरिजाबाई, तिची अव्वा, तिला सारखी नजरेसमोर ठेवायची.

संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरली, की सगळं सोलापूर गड्ड्यावर, जत्रेच्या मैदानावर लोटायचं. गुरम्मा आठ वर्षांची होती त्या साली मुंबईच्या एका बोहऱ्यानं तिथं खेळण्यांचं दुकान मांडलं होतं आणि त्यात जर्मन बनावटीची चावीची आगगाडी होती. पत्र्याचे रूळ जोडून गोल करायचा, इंजिनाला चावी द्यायची आणि सोडायचं. हिरवं इंजिन मागे लाल-पिवळे डबे ओढत गरगर फिरायचं. बोगदा होता, हात वर-खाली करणारा सिग्नल होता. मोठ्या पाळण्यापुढं नव्हती एवढी गर्दी त्या दुकानापुढं होती. पेढीवाल्यांपासून गिरणीतल्या मुकादमांपर्यंत जो तो पोरांसाठी ती गाडी मागत होता.

गुरम्मा तिथून हलेना.

"अप्पा, ही घे की."

"अगं, पोरीच्या जातीला आगगाडी कशाला? बोळकी घे, भातुकली घे."

"बोळकी हायत की मला. ती नुसती बसून ऱ्हात्यात. ही पळती."

"पुढच्या गड्ड्याला बघू," चनमल्लप्पा म्हणाला आणि तिला हाताला धरून घेऊन गेला.

तिनं हे बोलणं पक्कं धरलं. वर्षभर अंगणात खडूनं गोल काढून त्यावरून काड्यापेटी ओढत राहिली.

पण पुढचा गड्डा आला तेव्हा घरात वेगळीच घाई सुरू होती. लहान मुलींची लग्नं बंद करणारा सारडा कायदा झाला होता आणि एप्रिलपासून तो लागू होणार होता. मग चौदा वर्षांच्या आतली मुलगी कुणाला उजवता येणार नव्हती. जो तो म्हणत होता, पोर पदरात आहे तोवर उरकून घ्या, पुढं सरकार घरात शिरेल. त्या माघ-फाल्गुनात वाजंत्रीवाल्यांना उसंत नव्हती. दुधनीच्या एका आडत्याचं स्थळ चालून आलं. घर ओळखीचं, समाजातलं, मुलगा शिवलिंगप्पा चौदा-पंधरा वर्षांचा.

"लई ल्हान हाय हो ती," गिरिजाबाई म्हणाली. "कायदा झाला तर होऊ द्या. चांगलंच हाय की."

"लग्न तेवढं लावून ठेवायचं. पाठवायची कोण म्हणतंय? शहाणी होईपर्यंत आपल्याकडंच ऱ्हाईल."

फाल्गुनात लग्न झालं. गुरम्मा मांडवातच झोपली. तिला उचलून बोहल्यावर बसवावं लागलं.

वैशाखात दुधनीहून निरोप आला. सासू, अक्कम्मा, परसात घसरून पडली होती, तिचा हात मोडला होता. हाताखाली माणूस नाही, सुनेला थोडे दिवस पाठवा. त्याच दिवसांत सोलापुरात दंगल होऊन लष्करी कायदा पुकारला गेला. रस्त्यात गोरे शिपाई, संध्याकाळी दारं बंद. "पोर गावाबाहेर असलेली बरी," असं चनमल्लप्पानं स्वतःला समजावलं आणि गुरम्माला गाडीत बसवून दिलं. निरोप घेऊन आलेल्या माणसाला त्याला नाही म्हणता आलं नाही, हे खरं कारण गिरिजाबाईला ठाऊक होतं.

लष्करी कायदा उठला. अक्कम्माचा हात बरा झाला. गुरम्मा आली नाही.

पंचमीला चनमल्लप्पा आणायला गेला, तर व्याही म्हणाले, "पाऊसपाण्याचं कशाला नेता? दिवाळीला बघू." दिवाळीला म्हणाले, "पाहुणे येणारेत." दोन्ही वेळा तो जेवून, पान खाऊन परत आला.

तेव्हा त्याच्या डोक्यात आगगाडी शिरली. संक्रांतीला पोरीसाठी ती घेऊन जायची. पोर हरखेल. शिवाय एवढी भारी वस्तू घरात आली की व्याह्यांचं मन पाघळेल, आणि गड्ड्यापुरती का होईना, ते पोर पाठवतील.

"गाडी कसली घेऊन जाताय?" गिरिजाबाई म्हणाली. "पोरीला आणा."

"रिकाम्या हातानं गेलो की बोलता येत न्हाय गं. हातात काही असलं म्हंजे शब्द टाकता येतो."

"पोर आपली. तिला मागायला हातात काय लागतं?"

तो टोपी घालून बाहेर पडला. पण ते बोलणं त्याच्या मनातून गेलं नाही.

गाडी मिळेना. त्या वर्षी विलायती मालावर बहिष्कार होता, दुकानासमोर पोरं धरणं धरून बसत. बोहरी येण्याचं नावच नव्हतं. टिळक चौकातल्या खेळणीवाल्यानं तर त्याला हळूच बाजूला घेऊन सांगितलं, "मालक, असलं काय मोठ्यानं विचारू नका. ज्यांनी घेतली त्यांच्या घरी बघा."

मग तो घरोघर फिरला. दुकान मुनिमावर टाकून, दिवस दिवस, आधी ओळखीच्यांकडे आणि नंतर अनोळखी दारांवरही. दाढीचे खुंट वाढलेला हा व्यापारी माणूस उंबऱ्याशी उभा राहून विचारायचा, "तुमच्याकडं ती चावीची गाडी होती का हो?" कुणी हसायचं. कुणाच्या पोरांनी पार मोडून टाकली होती. एका घरात ती विलायती म्हणून होळीत घातली होती आणि तिथल्या म्हाताऱ्यानं वाकडा झालेला काळा पत्रा उकिरड्यातून काढून त्याला दाखवला.

रूळ आणि डबे मिळाले एका फोटोवाल्याकडे. लहान मुलांच्या फोटोत पुढं मांडायला त्यानं ते ठेवले होते. दंगलीनंतर पोरांना नटवून फोटो काढायला कुणी येत नव्हतं, त्यानं ते धुळीतून काढून दिले. रुळांचा एक तुकडा कमी होता, तो कल्हईवाल्याकडून पत्रा वाकवून बनवून घेतला.

इंजिन मिळालं रेल्वेच्या चाळीत, मथुराबाईकडे. तिचा नवरा गार्ड होता, त्या उन्हाळ्यात कॉलऱ्यानं गेला. चाळ सोडून तिला नातेपुत्याला भावाकडे जायचं होतं, सामान बांधून दारात ठेवलं होतं. तिनं इंजिन पदरानं पुसून दिलं.

"कुणासाठी नेता?"

"लेकीसाठी."

"केवढी हाय?"

"नऊ सरलंय. सासरी असती दुधनीला."

मथुराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "चावी हरवलीय."

चावी घड्याळजीनं घडवली. भोगीच्या आदल्या संध्याकाळी चनमल्लप्पानं घरात रूळ जोडले, चावी दिली, गाडी सोडली. ती धावली. तो मांडी घालून बघत बसला, चेहरा फुलला होता. गिरिजाबाई तीळ पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"उद्या संध्याकाळपर्यंत घेऊन येतो बघ तिला," तो म्हणाला.

भोगीला सकाळच्या गाडीनं तो दुधनीला उतरला. वाटभर खोकं त्यानं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

व्याह्यांनी आगत-स्वागत केलं. गुरम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोक्यावरून पदर, तोही लुगड्याचा, तिच्या अंगाला न पेलणारा. वाळली होती. मनगटावर तव्याचे चटके होते, एक जुना आणि एक ताजा. तिनं वाकून नमस्कार केला आणि आत गेली.

"अगं, थांब की," चनमल्लप्पा म्हणाला. "तुझ्यासाठी काय आणलंय बघ."

"चूल पेटलीय तिची," अक्कम्मा म्हणाली. "भाकरी थापायच्यात. दावा आमाला."

त्यानं खोकं उघडलं. सोप्यात गाडी मांडली. शिवलिंगप्पा धावत आला, शेजारपाजारची माणसं जमली. व्याही स्वतः गुडघ्यावर बसून चावी देऊ लागले. "अरे, शाब्बास!" म्हणत मांडी थोपटू लागले. गाडी बोगद्याविना, सिग्नलविना फिरत राहिली. चनमल्लप्पा मधूनमधून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहायचा. तिथून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एकसारखा. एकदा ती दारात आली, ताटं मांडायला. फिरत्या गाडीकडं तिनं पाहिलं, पण कुठलीही वस्तू पाहावी तसं. मग ताटं मांडून गेली.

जेवणं झाल्यावर तो हात धुवायला परसात गेला. गुरम्मा तिथं खरकटी घासत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"गुरू," तो म्हणाला, "गाडी बघितलीस का? तुला पाहिजे होती नव्हं?"

"व्हय अप्पा. चांगली हाय." राखेचे हात तिनं बाजूला धरले आणि हळूच विचारलं, "मला न्यायला आलास ना?"

तो काही बोलायच्या आत ती उठली, लाकडांच्या ढिगामागून तिनं एक गाठोडं काढलं. "पंचमीलाच बांधून ठेवलंय. उगंच आयत्या वेळी उशीर नको म्हणून." तिच्या डोळ्यांत आता कुठं काहीतरी हललं. "अव्वानं तीळ भाजले का?"

"भाजलेत," तो म्हणाला. "थांब. मी विचारून येतो."

तो आत गेला. सगळा धीर गोळा करून म्हणाला, "अण्णा, गड्ड्यासाठी पोरीला नेतो म्हणतो. पहिली संक्रांत हाय. चार दिवसांत आणून सोडतो."

व्याही इंजिनाला चावी देत होते. त्यांनी बायकोकडं पाहिलं.

"सोलापुरात रोज काय ना काय चाललंय," अक्कम्मा म्हणाली. "त्यात हा कायदा. तितं कुणी पोरीचं वय विचारलं तर? उगंच लचांड. पाडव्याला बघू की. तुमच्या लेकीला हितं कमी हाय का काय?"

"न्हाय, तसं न्हाय," चनमल्लप्पा म्हणाला.

"मग झालं की."

तो उभा होता. आता बोलायचं, एवढंच करायचं होतं. पोर माझी आहे, मी नेतोय, असं म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले. सोप्यात शेजारी बसले होते, व्याही हसत होते, कुणीतरी त्याच्यापुढं पानाचं तबक सरकवलं. त्यानं पान उचललं.

परसात तो परत गेला तेव्हा गुरम्मा गाठोडं कडेवर धरून उभी होती. तिनं त्याचा चेहरा बघितला. लाकडांपाशी वाकली, गाठोडं होतं तिथं ठेवलं, वर दोन फाटे टाकले. मग भांड्यांपाशी बसली.

"पाडव्याला नक्की," तो म्हणाला.

"व्हय."

"रडू नकोस हां."

"न्हाय रडत," ती म्हणाली, आणि खरंच रडत नव्हती.

संध्याकाळी तो एकटा घरी आला. गिरिजाबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, पोरीवरून ओवाळून टाकायला. तिनं त्याच्या मागं पाहिलं, रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं. मग भाकरतुकडा कुत्र्याला टाकला.

"पाडव्याला म्हणालेत," तो म्हणाला.

ती आत गेली. सकाळी उठून लुगडं नेसली आणि स्टेशनची वाट धरली. आयुष्यात ती कधी एकटी गाडीत बसली नव्हती. दुधनीला व्याह्यांच्या ओट्यावर ती जाऊन बसली, पोर दिल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. त्यांनी तिला आदरानं जेवू घातलं, आदरानं समजावलं, आणि शेवटी गाडीत बसवून दिलं. नवऱ्यानं कबूल केलं असताना बायको कोण, असं ते म्हणाले.

पाडवे आले आणि गेले. गुरम्मा माहेरी आली ती बाळंतपणाला, पंधराव्या वर्षी, आणि मुलगी झाली. दुधनीहून बघायला कुणी आलं नाही.

बाराव्या दिवशी चनमल्लप्पानं नातीला हातात घेतलं. गिरिजाबाईनं तिला त्याच्या हातांतून काढून घेतलं.

"हिच्या बाबतीत तरी तोंड उघडशीला का?" तिनं विचारलं.

"उघडीन," तो म्हणाला.

गुरम्मा खाटेवर पडून दोघांचं बोलणं ऐकत होती. तिनं कूस बदलली, भिंतीकडं तोंड केलं.

महिना उलटल्यावर शिवलिंगप्पा आणि त्याचे वडील आले. अंगणात बसले, चहा प्याले, उद्याच्या गाडीनं दोघींना नेतो म्हणाले. गिरिजाबाई आतल्या दारात उभी राहून नवऱ्याकडं बघत होती. चनमल्लप्पानं घसा खाकरला. सगळे त्याच्याकडं वळले.

"अजून जरा अंग भरू दिलं असतं तर..." तो म्हणाला.

"तिकडं काय अंग भरत न्हाय व्हय?" व्याही हसून म्हणाले.

"तसं न्हाय," चनमल्लप्पा म्हणाला.

सकाळी टांगा आला.