खलाशांच्या फोनची कार्बन प्रत

मित्रांनो, मी एक जुनी कार्बन प्रत आहे. सात पानं, फिकी पडलेली जांभळी अक्षरं आणि कोपऱ्यात गंजलेली टाचणी. टेलिफोनवरच्या एका बोलण्याचा मी शब्दशः उतारा आहे. मला आयुष्यभर गप्प बसायला सांगितलं गेलं. आता ते जमणार नाही.

माझा जन्म परराष्ट्र खात्याच्या तिसऱ्या मजल्यावरचा. शेजारच्या देशाने आपले एकेचाळीस खलाशी बंदरात अडकवून ठेवले होते. आपले मंत्री त्यांच्या मंत्र्यांशी फोनवर बोलले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून मधे एक दुभाषी होता. सगळं बोलणं टेपवर उतरलं आणि ते ऐकून टंकलेखिकेने मला टाइप केलं. डाव्या रकान्यात मंत्री काय बोलले ते, आणि उजव्या रकान्यात दुभाष्याने पलीकडे काय सांगितलं त्याचा अर्थ. तिचं आजोळ सीमेपलीकडचं, त्यामुळे दोन्ही भाषा तिला घरच्याच होत्या.

चौथ्या पानावर तिची बोटं थबकली. तिने टेप तीनदा मागे घेऊन ऐकली.

डावीकडे मंत्री म्हणाले होते, "ठेवा तुमच्याकडेच! एकेचाळीस माणसांसाठी मी कुणाच्या पाया पडणार नाही."

उजवीकडे दुभाष्याने सांगितलं होतं, "मंत्रिमहोदयांना या एकेचाळीस घरांची काळजी लागली आहे. त्यांना बोलायला आणखी एक दिवस द्या."

सचिव तिच्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "बाई, डावीकडचं जरा मऊ करा."

"साहेब, कानावर आलं ते कागदावर. मऊ करायचं खातं माझं नाही," ती म्हणाली, आणि मला फाइलला लावून नोंदवहीत माझा क्रमांक टाकून मोकळी झाली.

तो एक दिवस मिळाला, बोलणी पुढे सरकली आणि अकराव्या दिवशी खलाशी घरी आले. मग मंत्र्यांनी माझी वरची प्रत वाचली. त्यांचा असा भडका उडाला की ती त्यांनी टेबलावरच फाडली. दुभाष्याला त्याच दिवशी काढलं. खरं कारण लिहायचं तर स्वतःचं वाक्य लिहावं लागलं असतं, म्हणून हुकमात लिहिलं, 'भाषेचं अपुरं ज्ञान'.

होय, त्याची नोकरी माझ्यामुळे गेली. मी झाले नसते, तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हे मी लपवत नाही. स्वतःला वगळून साक्ष देणाऱ्यातली मी नाही.

मला सरकारी अभिलेखागाराच्या तळघरात टाकलं. वर मंत्र्यांचं आत्मचरित्र निघालं. त्यात खलाशी सुटले ते 'माझ्या संयमामुळे'! लोकांनी टाळ्या वाजवल्या. इकडे कसरीने माझा समास कुरतडला, पाइप गळून दोन पानं भिजली. पण एक अक्षर मी सोडलं नाही.

एके दिवशी वाचनकक्षात एक बाई आल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, त्या दुभाष्याची मुलगी. अभिलेखपालाला म्हणाल्या, "बाबांना भाषा येत नव्हती म्हणून शाळेत मुली मला चिडवायच्या. मी विचारलं की बाबा म्हणायचे, 'शपथ घेतलीय गं बाळ.' तसेच गेले. त्यांनी चूक केली नव्हती, एवढंच मला बघायचंय."

संचालक धावत आले. "डावा रकाना झाकून झेरॉक्स द्या. मंत्र्यांचं घराणं मोठं आहे."

"गुप्ततेची मुदत संपून चार वर्षं झाली, साहेब," अभिलेखपाल म्हणाला. "झाकायचं तर तसं लेखी द्या."

लेखी कोण देतो!

बाईंनी चौथं पान दोनदा वाचलं. "म्हणजे बाबांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं?"

"तसंच दिसतंय."

त्यांनी चष्मा काढला. "दळण आणायला विसरले तरी दारातच कबूल करणारा माणूस! आणि हे एवढं पोटात ठेवून गेला?" त्या रागावल्या होत्या, रडत होत्या, आणि मधेच हसायलाही लागल्या. माझी पूर्ण नक्कल घेऊन त्या थेट इतिहासाच्या एका प्राध्यापिकेकडे गेल्या. प्राध्यापिकेच्या या वाटाघाटींवरच्या नव्या पुस्तकात माझे दोन्ही रकाने शेजारी शेजारी छापून आले.

आता मंत्र्यांच्या मुलाने दावा लावला आहे. म्हणे, मी बनावट आहे. तपासा की! कागद तपासा, शाई तपासा, नोंदवहीतला माझा क्रमांक पाहा.

मित्रांनो, असा एखादा कागद तुमच्या हाती आला, तर त्याला काचेत ठेवून नमस्कार करू नका. कोरड्या जागी ठेवा आणि वाचा. न आवडणारी ओळ तर आधी वाचा. कुणी तिच्यावर शाई फिरवायला आला, तर त्याचा हात धरा.

पुढच्या महिन्यात माझी तारीख आहे. वकील मला खोटी ठरवायला टपून बसले आहेत. बसू देत. मी सातही पानं घेऊन जाणार आहे.