भात वळणाऱ्या चटईचा अर्ज

विषय : महालक्ष्म्यांच्या दिवशी भाताचे काम घरच्या सुनेकडे परत देण्याबाबत, सोबत, अर्जदार चटईस स्वयंपाकघरात टांगून राहण्यासाठी एक खिळा मिळण्याबाबत.

संदर्भ : पैठणच्या आत्याबाईंचा तोंडी शेरा.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी एक चटई आहे. निजायची नव्हे. माझ्यावर मांजरालासुद्धा पाय पसरता येणार नाहीत. बांबूच्या बारीक काड्या आणि त्यांना बांधणारा पांढरा दोरा, एवढाच माझा देह. माझ्यावर भात पसरतात, मधोमध काहीबाही ठेवतात आणि मला गुंडाळतात. मग मला उलगडले की आत भाताची एक गुळगुळीत वळकटी तयार असते. तिचे काप करतात आणि त्याला सुशी म्हणतात. जपानात म्हणे माझ्यासारख्या चटया पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. मी जपान पाहिलेला नाही. मी संभाजीनगरची गुलमंडी पाहिलेली आहे.

चटईला अर्जाची भाषा कुठून आली, याचाही खुलासा करते. मी ज्या घरात आहे तिथले लक्ष्मणराव सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी ते दूधवाल्याशीदेखील 'आपल्या कालच्या दुधाच्या संदर्भात' अशीच सुरुवात करतात. स्वयंपाकघरात मला जागा नसल्याने माझी तात्पुरती नेमणूक त्यांच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली झालेली आहे. असल्या सहवासात बांबूसुद्धा टिपणी लिहू लागतो.

माझा जन्म गुलमंडीजवळच्या एका बोळात केसरबाईंच्या हातून झाला. केसरबाई सुपे, टोपल्या, रोवळ्या विणून विकतात. एका दुपारी लक्ष्मणराव आणि त्यांची सून स्वराली त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. स्वरालीने दोन्ही हातांनी हवेत एक चौकोन काढून दाखवला.

"एवढीच. बारीक काड्यांची. गुंडाळता आली पाहिजे."

"देवाच्या आसनाला व्हय?"

"नाही मावशी. भाताला."

केसरबाईंनी हातातली काडी खाली ठेवली. "भाताला? त्याला काय झोपायचंय?"

"भात पसरून गुंडाळायचा असतो."

"अगं माय! आमच्याकडं भात ताटात वाढत्यात. तुमच्याकडं लई उरतो वाटतं."

लक्ष्मणरावांनी घसा साफ केला. "बाई, हा जपानी पदार्थ आहे."

"असंल बापा. देते विणून. पण दोरा तुटला तर जपानला नका धाडू दुरुस्तीला. माझ्याकडंच आणा."

अशा रीतीने मी जन्माला आले.

आता मूळ मुद्दा. या घरात भात हा खाण्याचा पदार्थ नसून परीक्षेचा विषय आहे. लक्ष्मणरावांच्या पत्नी यमुनाबाई यांचा भात असा मोकळा, की शीत शिताला ओळख देत नाही. पंखा जोरात लावला तर आपल्या पानातला भात शेजाऱ्याच्या पानात जातो, असे लक्ष्मणराव म्हणतात. अर्थात यमुनाबाई देवळात गेल्यावर. या भातात खोट एकच. नैवेद्याच्या पानावर वाटीने पाडलेली मूद देवापुढे पोचेपर्यंत ढासळलेली असते. हा विषय घरात कोणी काढत नाही.

स्वरालीचे सगळे याच्या उलट. ती पाणी मोजून घालते, कुकरजवळून हलत नाही, आणि झाकण उघडले की आत गिचका. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना रीतीप्रमाणे भात नव्या सुनेने केला. पैठणहून लक्ष्मणरावांची थोरली बहीण आशाबाई आल्या होत्या. महालक्ष्म्यांच्या बाबतीत या घरात त्यांचा शब्द शेवटचा. पंगत बसली. आशाबाईंनी पानातला भात बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "छान झालाय. पिंडाला असाच लागतो."

पंगतीत कोणी हसले, कोणी घाईने कढी मागितली. मी तेव्हा बांबूच्या बेटात होते. पण लक्ष्मणरावांनी ही हकिगत चहाच्या वेळी इतक्यांदा सांगितली आहे, की मला ती पाहिल्यासारखी वाटते. पैठणच्या घाटाजवळ जन्म काढलेल्या बाईला पिंडाचा भात ओळखू येणारच. शेरा वस्तुस्थितीला धरून होता, हेच वाईट झाले.

त्या दिवसापासून तांदळाचा डबा यमुनाबाईंच्या ताब्यात गेला. भांडण झाले नाही. स्वराली डब्याकडे वळली, की मागून फक्त आवाज येई, "राहू दे गं, मी बघते." लेखी आदेश असता, तर त्याच्यावर अपील तरी करता आले असते. स्वराली चितेगावच्या एका कारखान्याचे हिशेब सांभाळते, तिथे तिच्या शब्दाला वजन आहे. घरात मात्र मूठभर तांदूळ धुवायची तिला मुभा नव्हती.

एकदा कारखान्याच्या बसमध्ये ती मोबाइल पाहत होती. एक जपानी म्हातारा लाकडी पसरट भांड्यात भात कालवत होता, आणि खाली अक्षरे उमटत होती, की भात चिकटलाच पाहिजे. न चिकटला तर शिकाऊ माणसाला पुन्हा तांदूळ धुवायला बसवतात. स्वरालीला भरून आले. जगात एक देश असा आहे, जिथे मोकळ्या भातासाठी बोलणी बसतात, आणि आपल्याला सासर मिळाले सिडकोत!

माझ्यावरचा पहिला प्रयोग यमुनाबाईंच्या उरलेल्या भातावर झाला, कारण नवा भात करायची परवानगी नव्हती. स्वरालीने तो पसरला, काकडी ठेवली, मला गुंडाळले, उलगडले. भात चारी दिशांना पांगला. शाळा सुटल्यावर पोरे पांगतात तसा.

स्वरालीचा नवरा चिन्मय ओट्याशी येऊन म्हणाला, "मस्त! पण ही सुशी आहे की अक्षता?"

"तू गप रे," यमुनाबाई म्हणाल्या. "चिकटच हवा ना तुला भात? मी देते करून. बिघडवायला काय अक्कल लागते?"

लागते. यमुनाबाईंनी दुप्पट पाणी घातले, त्याची पेज झाली. पाणी बेताचे घातले, तर भात पुन्हा मोकळा. इतक्या वर्षांची सवय हातात मुरलेली. मनाने चिकट म्हटले तरी हात ऐकेना. शेवटी त्यांनी कमरेवर हात ठेवले. "माझ्या हातून भात बिघडतच नाही बाई," त्या म्हणाल्या. ऐकायला ही बढाई होती, पण आवाज हरलेल्या माणसाचा होता. मग स्वरालीकडे न पाहता त्यांनी डबा पुढे सरकवला. "कर तू."

स्वरालीने नवा आंबेमोहर घेतला. कुकर उघडला. गिचका. आणि ती हसली. आपल्याच भाताला पाहून हसलेली सून मी पहिल्यांदाच पाहिली. लिंबाचा रस, साखर, मीठ घालून तिने तो हलक्या हाताने कालवला, आणि लक्ष्मणराव वर्तमानपत्राने वारा घालत राहिले. आजवरच्या अग्रलेखांचा एवढा थेट उपयोग झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पुढचा अडथळा काळ्या कागदाचा. सुशीवर समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद गुंडाळतात. तो पाकिटातून आला. यमुनाबाईंनी वास घेतला आणि पाकीट लांब धरले.

"मासा आहे हा."

"आई, शेवाळ आहे. वनस्पती."

"शेवाळच खायचं तर गच्चीवरच्या टाकीत आहे की. ते का नाही खात?"

दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून लक्ष्मणरावांनी शेवाळ तांत्रिकदृष्ट्या शाकाहारी असल्याचा निर्वाळा दिला. यमुनाबाईंनी तो वाचून दप्तरी दाखल केला, म्हणजे पाकीट गॅलरीत नेऊन ठेवले. मग परसातल्या कुंडीतली अळूची पाने तोडली, शिरा काढल्या, चिंचेच्या पाण्यात घोळवून चांगली वाफवली आणि माझ्यावर पसरून म्हणाल्या, "गुंडाळायचंच आहे ना? मग हे घे."

स्वरालीने भात पसरला. पण तिचा हात घट्ट. दाब बसला की सारण बाहेर. यमुनाबाई थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या. अळूवड्या वळण्यात त्यांचा हात धरणारे सिडकोत कोणी नाही. त्यांना राहवेना.

"अगं, गळा काय दाबतेस तिचा! आधी कड दुमड. आता अंगठ्यानं आपल्याकडं ओढ. हं. जाऊ दे पुढं."

तेव्हा माझ्या एका टोकाला सुनेचे अंगठे होते आणि दुसऱ्या टोकाला सासूचे. बांबूला मन नसते म्हणतात. नसेलही. पण मी त्या दिवशी नीट वळले.

मग दर रविवारी माझ्यावर नवे काही येऊ लागले. भाजलेल्या वांग्याचे भरीत आले, काकडी आणि दाण्याचे कूट आले, पनीरला हिरव्या मिरचीचा ठेचा फासून आला. लक्ष्मणरावांच्या सूचनेवरून एकदा शेव भरली. ती भिजून लगदा झाली. सदर सूचना कोणी केली याची नोंद आढळत नाही.

आणि श्रावण सरता सरता आशाबाईंचा फोन आला, की महालक्ष्म्यांच्या तयारीचे बोलायला येते.

स्वरालीने लक्ष्मणरावांचा कप माझ्यावर ठेवता ठेवता विचारले, "बाबा, या वर्षी भात मी करू का?"

"माझ्या अधिकारात नाही, बेटा. हा प्रस्ताव अक्काकडे जाईल."

"त्या नाही म्हणाल्या तर?"

लक्ष्मणरावांनी कप उचलून चहाचा घोट घेतला. एवढे मात्र कळत होते, की या वर्षीही नाही झाले, तर तो 'नाही' कायमचा होणार आणि तो शेरा जन्मभर तिच्या नावापुढे राहणार. स्वरालीने ठरवले, आत्यांना आधी आपला भात खायला घालायचा, मग विचारायचे.

आशाबाई एसटीने आल्या. पाणी झाले, ख्यालीखुशाली झाली. स्वरालीने ताटली आणून पुढे ठेवली. मी ओट्यावर वाळत पडले होते. बैठक समोरच दिसत होती. हिरव्या अळूत पांढरा भात, मध्ये भरीत, आणि वरून तिने हौसेने पेरलेले काळे तीळ. जपानी म्हाताऱ्यानेही पेरले होते. त्याच्या गावात घाट नसावा.

आशाबाईंनी ताटली पाहिली आणि बोटाने हळूच दूर लोटली.

"लक्ष्मणा, कोण गेलं?"

"कुठं, अक्का?"

"मला काय विचारतोस? भाताचे गोळे अन् वर काळे तीळ. घाटावर रोज बघते मी. संभाजीनगरात आल्या माणसाला हे वाढतात का आता?"

स्वरालीचा चेहरा उतरला. "आत्या, ते... मोबाइलमध्ये तसंच होतं."

"मोबाइलला सुतक नसतं, बाई."

चिन्मयने हसू गिळले. लक्ष्मणराव एखादा नियम आठवतो का ते पाहत होते. तेवढ्यात यमुनाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"वन्सं, तीळ चुकले. तेवढेच चुकले. भात तिनं केलाय, अन् गुंडाळलाय मी. बोलायचं तर दोघींना बोला."

त्यांनी आतून बिनतिळाची ताटली आणली, एक काप आधी आपल्या तोंडात टाकला आणि दुसरा आशाबाईंच्या हातावर ठेवला. आशाबाईंनी तो वरून पाहिला, खालून पाहिला आणि खाल्ला. पंखा फिरत होता. भात मात्र जागचा हलला नाही.

"अळू खाजत नाही."

"नाही, वन्सं."

"ठेचा घालायचा की थोडा." दुसरा काप त्यांनी स्वतःच उचलला. "चिकट आहे." त्यांनी काप बोटाने दाबून पाहिला. "चिकट आहे म्हणून धरलंय सगळं. नाहीतर भरीत मांडीवर आलं असतं. असल्या भाताची नैवेद्याची मूद तरी उभी राहील."

यमुनाबाई खालीच बसल्या. "मूद ढासळते, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"दर वर्षी डोळ्यांपुढं ढासळते. आंधळी आहे का मी?"

"मग मला कधी बोलला नाहीत. हिलाच का बोललात? भर पंगतीत?"

आशाबाईंनी तिसरा काप हातातच ठेवला. म्हणाल्या, "तू या घरात आलीस तेव्हा माझी सासू होती. मीच रोज ऐकून घेत होते, तुला कोणत्या तोंडानं बोलू? ही आली तेव्हा मला बोलणारं कोणी उरलं नव्हतं." मग स्वरालीकडे पाहून, "बस गं. उभी का? नवीन घरी आल्यासारखी."

स्वराली बसली. पण तिने विचारायचे ते विचारलेच. "आत्या, महालक्ष्म्यांचा भात या वर्षी मी करू?"

"बघू," आशाबाई म्हणाल्या.

निघताना त्यांनी उरलेले काप डब्यात भरून घेतले. एसटीत भूक लागते म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर डोके बाहेर काढून यमुनाबाईंना म्हणाल्या, "तांदूळ मात्र नवाच आणा. जुना मोकळा होतो."

सबब, अर्जदाराची विनंती एवढीच. भात चिकटला म्हणून माणूस वाया जात नाही. त्याला गुंडाळायला कोणीतरी लागते. माझ्या काड्या शाबूत आहेत. एक दोरा सैल झाला आहे, त्यासाठी केसरबाईंकडे जाणे आहे.

सद्यःस्थिती : आत्याबाईंचा होकार अद्याप आलेला नाही, नकारही नाही. खिळा ठोकलेला नाही. मी कपाखालीच आहे. काल यमुनाबाईंनी नवा आंबेमोहर आणवला आणि डबा स्वरालीच्या हाती दिला. अर्ज प्रलंबित आहे.